मदत हवी आहे: शिरेतून दिलेले औषध मॉडेलमध्ये जुळते, तोंडावाटे दिले की बिनसते

नमस्कार मंडळी. मिडाझोलाम या गुंगी आणणाऱ्या औषधाचे पीबीपीके मॉडेल (शरीरात औषधाचे काय होते याचे गणिती मॉडेल) उभे करते आहे. यकृत, आतडे, चरबी असे अवयव वेगवेगळे कप्पे धरायचे, रक्तप्रवाहाने जोडायचे आणि औषधाची रक्तातली पातळी आधीच सांगायची. शिरेतल्या डोसचा आलेख प्रसिद्ध झालेल्या मोजमापांवर चपखल बसला. तोंडावाटे दिला की आलेखाखालचे क्षेत्रफळ, म्हणजे रक्ताला एकूण किती औषध मिळाले त्याचे माप, मोजलेल्याच्या दीडपटीहून जास्त येते.

एक चूक आधीच सापडली, तीही सांगते. प्लाझ्मा क्लिअरन्स, म्हणजे तासाला जेवढा प्लाझ्मा (रक्तातला पेशींविना द्रव) औषधमुक्त होतो तो, ताशी २५ लिटर. तो मी थेट यकृताच्या प्रवाहाने, ताशी ९० लिटरने भागला होता. पण तो प्रवाह रक्ताचा, प्लाझ्माचा नव्हे! रक्त-प्लाझ्मा गुणोत्तर (औषधाची रक्तातली पातळी भागिले प्लाझ्मातली) ०.५५ धरले की रक्ताचा क्लिअरन्स ४५ होतो, म्हणजे यकृत एका फेरीत निम्मे औषध काढून घेते. बायोअव्हेलेबिलिटी, म्हणजे तोंडावाटे दिलेल्या डोसपैकी रक्ताभिसरणात पोचणारा वाटा, ७२ टक्क्यांवरून ५० वर आली. माणसांत मोजलेली मात्र ३० च्या आसपास आहे.

शोषणाचा वेग कमी कर, असे एका सहकाऱ्याने सुचवले. केला. शिखर खाली आले, उशिरा आले. क्षेत्रफळ तेवढेच राहिले. सावकाश का होईना, औषध जाते तेवढेच. शोषण ६० टक्के लिहिले तर सगळे जुळेल, पण मिडाझोलाम जवळपास पूर्ण शोषले जाते. असा खोटा आकडा घालून जुळवलेले मॉडेल मी उद्या लहान मुलांच्या डोससाठी कोणत्या भरवशावर वापरू? तिथे रक्ताचे नमुने जेमतेम मिळतात, म्हणून तर हा खटाटोप.

आतड्याच्या भिंतीतले सीवायपी३ए४ (औषध मोडणारे एन्झाइम, जे यकृतातही असते) हे कारण असावे असे वाटते. पण तो आकडा आलेखाला न जुळवता, स्वतंत्रपणे कुठून आणायचा?

प्रतिसाद १
तुमचा संशय योग्य आहे. यकृत प्रत्यारोपणात जुने यकृत काढल्यावर नवे सुरू होईपर्यंत रुग्णाच्या शरीरात चालते यकृत नसते. नेमक्या त्या वेळात मिडाझोलाम काहींना लहान आतड्यात, काहींना शिरेतून देऊन मोजले होते. हा अभ्यास १९९६ चा. आतड्याने सरासरी ४३ टक्के औषध मोडले. म्हणजे भिंतीतून सुटते ०.५७. यकृतातून सुटणाऱ्या तुमच्या ०.५ ने गुणून पाहा.

आणखी एक पडताळा घ्या. ग्रेपफ्रूटचा रस मुख्यतः आतड्यातलेच एन्झाइम रोखतो. मॉडेलमध्ये तेवढेच कमी करा. तोंडावाटेचा आलेख वर जायला हवा, शिरेचा जागचा हलता कामा नये.

धागाकर्ती
०.२८५! खूप खूप आभार, दोन आठवडे यात अडकले होते. आतड्याचे एन्झाइम निम्मे करूनही पाहिले: बायोअव्हेलेबिलिटी २८ वरून ३६ टक्क्यांवर गेली, शिरेचा आलेख तसाच राहिला. आता नवजात बाळांकडे वळते आहे. यकृतातले हे एन्झाइम जन्माच्या वेळी कमी असते आणि मग वाढत जाते. आतड्यातलेही त्याच गतीने वाढते असे धरावे का? कोणी हे काम केले असेल तर जरूर लिहा.