मदत हवी आहे: रिपोर्टात मेंदूची डावी बाजू, पण लुळा पडलाय उजवा हात. रिपोर्ट चुकलाय का?

खटपट्या: बाबांच्या एमआरआयच्या रिपोर्टात 'लेफ्ट फ्रंटल इन्फार्क्ट' लिहिलंय. पण त्यांचा उजवा हात उचलत नाहीये, डावा ठणठणीत आहे! दुसऱ्या कुणाचा रिपोर्ट दिला की काय? डॉक्टर "बरोबर आहे" म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले. बोलणंही बंद आहे. लवकर सांगा, उद्या डिस्चार्ज आहे.

चकलीभाजणी: अहो, पण झालंय काय? कधी? वय किती? बोलणं बंद म्हणजे आवाजच फुटत नाही की शब्द सुचत नाहीत?

खटपट्या: पक्षाघात. लिहायचं राहिलं. गुरुवारी पहाटे. ६८. आवाज आहे, शब्द येत नाहीत.

निवांत: रिपोर्ट बरोबर आहे. 'लेफ्ट फ्रंटल इन्फार्क्ट' म्हणजे रक्त न पोहोचल्याने मेंदूच्या डाव्या बाजूचा पुढचा भाग खराब झालाय. शाळेत प्रमस्तिष्क, अनुमस्तिष्क, लंबमज्जा घोकलं होतं ना? हाताकडे जाणारे बहुतेक तंतू लंबमज्जेच्या, म्हणजे मेंदूच्या तळाशी मज्जारज्जूला जोडलेल्या भागाच्या, खालच्या टोकाला एकमेकांना ओलांडून पलीकडे जातात. म्हणून उजवा हात हलवतो तो डावा मेंदू.

सातारी_अण्णा: आमच्या साडूंना ब्राह्मीचं तूप नाकात सोडलं, महिन्यात बोलायला लागले.

वाचावाली: अण्णा, कृपा करून नको. खटपट्या, मी स्पीच थेरपिस्ट आहे. तीन गोष्टी सांगा: "डोळे मिटा" म्हटलं की मिटतात का? पाणी पिताना ठसका लागतो का? बाबा उजवे की डावखुरे?

खटपट्या: सगळं कळतं त्यांना. पाणी हवं असलं की "ते... ते..." करतात आणि कपाळावर हात मारून घेतात. पण काल आईने रामरक्षा सुरू केली तर चार श्लोक बरोबरीने म्हणाले, कुठे अडखळले नाहीत! काका म्हणतात नाटकं आहेत.

वाचावाली: नाटकं नाहीत, हा वाचाघात. पॅरिसमध्ये १८६१ साली ब्रोका नावाच्या डॉक्टरांकडे एक रुग्ण होता. बोललेलं बरंचसं कळायचं, पण काहीही विचारा, उत्तर एकच, "तान". तो गेल्यावर मेंदू पाहिला तर डाव्या कपाळामागचा भाग खराब झालेला. वाक्य जुळवून तोंडातून काढायचं काम बहुतेकांत तिथे चालतं. अंक, वार, स्तोत्रं अशी तोंडात बसलेली गोष्ट मात्र अनेकदा शाबूत राहते. काकांना हे वाचायला द्या.

हसरा_गणू: फक्त तान? आलाप नाही?

आरोही: कारण सूर उजव्या मेंदूत असतात! डावा हिशेबी, उजवा कलावंत.

निवांत: रामरक्षा हे पाठांतर आहे हो, मैफल नाही.

वाचावाली: दोघांचंही थोडं थोडं बरोबर. सुरावर शब्द बसवून बोलायला शिकवायची एक पद्धत आहेच. पण 'हिशेबी-कलावंत' एवढी सरळ वाटणी नसते.

सातारी_अण्णा: माणूस मेंदू १० टक्केच वापरतो. उरलेला वापरायला शिकवा.

निवांत: ९० टक्के रिकामा असता तर एवढ्याशा डागाने बोलणं कसं गेलं असतं, अण्णा? वजन शरीराच्या २ टक्के आणि ऊर्जा खातो २० टक्के. रिकाम्या जागेला इतकं कोण खायला घालेल?

मृणाल_आई: जरा अवांतर. मुलीला सातवीत मेंदूचं मॉडेल करायचंय, थर्माकोलवर बंदी आहे. काय वापरू?

चकलीभाजणी: शाडू. मागे अनुमस्तिष्क म्हणून फ्लॉवरचा तुरा चिकटवा, हुबेहूब दिसतो.

खटपट्या: माझ्या धाग्यावर फ्लॉवर कुठून आला? बाबा डावखुरे आहेत. त्याने काय फरक पडतो?

वाचावाली: बऱ्याच डावखुऱ्यांचीही भाषा डावीकडेच असते, त्यामुळे निदानात फार नाही. पण त्यांचा लिहिता हात चांगला आहे! पाटी द्या. लिहिणंही अडेल, कारण तीही भाषाच. चित्रं काढू देत, बोट ठेवू देत. आणि वाक्य त्यांच्या आधी तुम्ही पूर्ण करू नका.

खटपट्या: दिली. 'पा' लिहिलं, मग बराच वेळ थांबले, मग पेला काढला. आई रडली. पाणी दिलं.

वाचावाली: ठसक्याचं अजून सांगितलं नाहीत.

खटपट्या: लागतो ना. चहाला, पाण्याला. पेजेला नाही. तेही सांगायचं असतं का?

वाचावाली: तेच आधी सांगायचं असतं! पाणी थांबवा, नर्सला आत्ता बोलवा. गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय घरी नेऊ नका.

खटपट्या: चाललो.