सूड आहेच, पण ननवातेही आहे
"पठाण म्हणजे सूड" असं पुष्कळ जण म्हणतात, ते अर्धंच खरं. पश्तूनवलीत, म्हणजे पठाणांच्या (पश्तूनांच्या) अलिखित रीतिनियमांत, बदल्याइतकाच मान आश्रय देण्याला आहे. २००५ साली अफगाणिस्तानातल्या कुनारमध्ये जखमी अमेरिकी सैनिक मार्कस लट्रेलला मोहम्मद गुलाब या पश्तून गावकऱ्याने घरात घेतलं. तालिबानने धमकावलं तरी त्याला हवाली केलं नाही. पुढे गुलाबलाच देश सोडावा लागला म्हणा.

वैर मिटवायचं तर ननवाते: गुन्हा करणाऱ्याकडची मंडळी मेंढा घेऊन थेट शत्रूच्या दारात जातात, तिथेच तो कापतात. अशा वेळी माफी नाकारणं हीच नामुष्की! पण याच तडजोडीत जिरगा, म्हणजे जमातीची पंचायत, कधीकधी 'स्वारा' म्हणून, म्हणजे भरपाईदाखल लग्न लावून, एखादी अजाण पोरगी समोरच्या घरात देऊन टाकते, तेव्हा कौतुक घशातच अडकतं. पाकिस्तानात कायद्याने तो गुन्हा आहे, तरी प्रकरणं येतातच.