भजनाच्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवायच्या आहेत : हार्डडिस्क आतली घेऊ की बाहेरची?

नंदगडच्या बाई :

नमस्कार. मी नंदगडजवळच्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्या गावच्या भजनी मंडळाच्या कॅसेटी सध्या माझ्याकडे आल्या आहेत. पारायणाच्या सप्ताहातली कीर्तनं, काकड आरती, जागराची भजनं, थोडा हरिपाठ. साधारण १९८५ ते २००० या काळात घरच्या टेपवरच भरलेल्या. संख्या अडीचशेच्या आसपास, निम्म्या साठ मिनिटांच्या आणि निम्म्या नव्वदच्या. यातले बरेच गाणारे आता नाहीत. माझ्या सासऱ्यांचा पखवाज याच कॅसेटींत आहे, दुसरीकडे कुठेच नाही.

माझ्या लॅपटॉपला २५६ जीबीची एसएसडी (चिपवाली डिस्क) आहे, ती निम्मी भरलेली. घरात दिराचा जुना डेस्कटॉप आहे. त्यात ५०० जीबीची डिस्क आहे आणि आणखी एक बसायला जागा आहे असं तो म्हणतो. बेळगावात दोन दुकानांत विचारलं. एकजण म्हणाला, इंटर्नल घ्या, तेवढ्याच पैशात जास्त जागा मिळते. दुसरा म्हणाला, एक्स्टर्नलच घ्या, कुठेही नेता येते. दोघांचंही पटलं, त्यामुळे काहीच न घेता परत आले.

आमच्याकडे पावसाळ्यात करंट कधी जाईल याचा नेम नसतो, विजाही जोरात असतात. आणि हे सगळं नुसतं कपाटात ठेवायचं नाही. गावातल्या पोरांना ऐकायला द्यायचंय, देवळातल्या अँप्लिफायरवर लावायचंय. काय घेऊ आणि किती टीबीची घेऊ?

निपाणीकर :

ताई, सरळ एक्स्टर्नल एसएसडी घ्या की. आत फिरणारं काही नसतं, हातातून पडली तरी सहसा काही होत नाही. खिशात मावते. माझी सगळी गाणी तिच्यावरच आहेत. एक कॉपी क्लाउडवर टाका म्हणजे चिंता मिटली.

शहापूरकर :

बाई, नमस्कार. साऊंड आणि रेकॉर्डिंगच्या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी जागेचा हिशेब. अडीचशे कॅसेटी सरासरी ७५ मिनिटांच्या धरल्या तर तीनशे तासांच्या थोडं वर जातं. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर (आवाज किती बारकाईनं टिपायचा त्याचं हे माप) भरलं तर स्टिरिओची वेव्ह, म्हणजे न दाबलेली, फाईल मिनिटाला सतरा एमबीच्या आसपास होते, म्हणजे सगळं मिळून सव्वातीनशे जीबी. फ्लॅक या दाबून लहान केलेल्या फाईलमध्ये बदललं की आवाजाला धक्का न लागता त्यातलं बरंचसं कमी होतं. ९६ किलोहर्ट्झवर भरायचा आग्रह कोणी केला तर ऐकू नका. घरच्या टेपवर भरलेल्या कॅसेटीत एवढ्या वरचं काही नसतं, जागा मात्र दुप्पट जाते. १ टीबीत, म्हणजे हजार जीबीत, मावेल. मूळ रेकॉर्डिंग आणि खरखर काढलेली प्रत अशा दोन्ही ठेवणार असाल तर २ टीबी घ्या. १ टीबीची डिस्क विंडोज ९३१ जीबी दाखवतं, दुकानदारानं फसवलं असं वाटून घेऊ नका, मोजायची पद्धत वेगळी आहे.

आता आतली की बाहेरची. बाहेरच्या बऱ्याच डब्यांच्या आत तीच साटाची (कॉम्प्युटरच्या आत जोडायच्या पद्धतीची) डिस्क असते, फक्त तिला यूएसबीचं एक छोटं सर्किट जोडलेलं असतं. गाण्यासाठी वेगाचा प्रश्नच येत नाही. फ्लॅक वाजायला सेकंदाला एमबीचा एखादा हिस्सा लागतो आणि साधी फिरणारी डिस्कसुद्धा शंभर एमबी सहज देते. वेग जाणवेल तो फक्त सगळं एकदम कॉपी करताना. फ्लॅकमधलं साधारण २०० जीबी जुन्या यूएसबी २ च्या पोर्टमधून जायला दोनेक तास लागतात, यूएसबी ३ मधून अर्धा-पाऊण तास.

तुमच्या बाबतीत निकाल लावणारी गोष्ट वेगळीच आहे. दिराच्या डेस्कटॉपच्या मागे बघा, गुलाबी, हिरवी आणि निळी अशी तीन भोकं असतील. निळं भोक म्हणजे लाईन-इन. टेपच्या लाईन-आऊटमधून किंवा हेडफोनच्या भोकातून वायर तिथे लावली की दोन्ही चॅनेल नीट येतात. हल्लीच्या लॅपटॉपला बहुतेक वेळा एकच भोक असतं, ते हेडफोनचं आणि माईकचं. त्यात टेप लावला तर आवाज मोनो येतो, फाटतो, आणि चार्जर लावलेला असेल तर गुंयगुंय वेगळीच. म्हणून रेकॉर्डिंग डेस्कटॉपवरच करा आणि ते आतल्या डिस्कवरच पडू द्या. कीर्तन रंगात आलेलं असताना यूएसबीची वायर कोणाच्या पायात अडकून हलली तर तेवढी फाईल गेलीच समजा. कॅसेट जेवढ्या मिनिटांची तेवढीच मिनिटं उतरवायला लागतात. रोज दोन उतरवल्या तरी चार महिन्यांचं काम आहे. तेवढे दिवस रोज ज्या डिस्कवर काम चालणार ती स्क्रूनं घट्ट बसवलेली बरी.

पण आतल्या डिस्कचा धोका तुम्हीच लिहिला आहे. ती कायम मेन लाईनला जोडलेली असते. वीज पडून किंवा करंटच्या उलटसुलट जाण्या-येण्यानं एसएमपीएस (कॉम्प्युटरला करंट पुरवणारा डबा) जळला तर तो कधी कधी आतल्या सगळ्या डिस्क सोबत घेऊन जातो. तिथे बाहेरची डिस्क कामाला येते, कारण प्लग काढून कपाटात ठेवलेल्या डिस्कपर्यंत वीज पोचतच नाही. तेव्हा आत एक २ टीबीची आणि बाहेरच्या दोन घ्या. बाहेरच्या लहान घ्या, अडीच इंची, ज्या यूएसबीच्याच करंटवर चालतात. साडेतीन इंची बाहेरच्या डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो, आणि काही वर्षांनी डिस्क सापडते पण अडॅप्टर सापडत नाही. दोन बाहेरच्यांपैकी एक तुमच्या घरी आणि दुसरी बेळगावातल्या एखाद्या नातेवाइकाकडे ठेवा. एकाच कपाटात दोन्ही नकोत. आठवड्यातून एकदा नवीन भरलेलं घरच्या डिस्कवर घ्या, बेळगावला याल तेव्हा दुसरीवर. कॉम्प्युटरला यूपीएस (करंट गेल्यावर थोडा वेळ चालवणारा बॅटरीचा डबा) हवाच. त्यानं वीज अडणार नाही, पण चालू रेकॉर्डिंग सेव्ह करून मशीन नीट बंद करण्यापुरता वेळ मिळतो. ढग गडगडायला लागले की प्लगच काढा.

बाहेरच्या डिस्कला जपायचं ते ती फिरत असताना. बंद डिस्कचे हेड बाजूला उभे असतात, चालू डिस्कचे हेड तबकडीवर केसापेक्षाही कमी अंतरावर तरंगत असतात. चालू असताना उचलू नका, आडवी ठेवलेली उभी करू नका, सेफली रिमूव्ह केल्याशिवाय वायर ओढू नका. टिकटिक आवाज यायला लागला तर आधी मागच्या पोर्टला लावून बघा. जुन्या कॉम्प्युटरच्या पुढच्या पोर्टमधून डिस्कला पुरेसा करंट मिळत नाही असं पुष्कळदा होतं. मागेही टिकटिक राहिली तर लगेच बंद करा आणि पुन्हा पुन्हा लावून बघू नका.

निपाणीकर, तुमची एसएसडी रोजच्या वापराला उत्तम आहे. पण ती विजेचा भार साठवून माहिती धरते, आणि बरीच वर्षं कपाटात न लावता पडली तर तो भार गळू शकतो. बाईंना तर कपाटातच ठेवायची आहे. क्लाउडवर गूगलच्या फुकटच्या १५ जीबीत यांच्या फ्लॅकमधल्या वीसेक कॅसेटी बसतील, आणि नंदगडच्या पलीकडच्या नेटवरून उरलेलं चढवणं म्हणजे रात्री जागायची तयारी हवी.

मी एवढं का लिहितोय तेही सांगतो. कुमार गंधर्व आपल्याच सुळेभावीत १९२४ साली जन्मले. त्यांच्या ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी काढल्या, घरोघरी गेल्या, माझ्याकडची प्रत खराब झाली तर उद्या दुसरी मिळेल. तुमच्या सासऱ्यांच्या पखवाजाची प्रत कुठल्याच दुकानात मिळणार नाही. डिस्क घेताना दोन पैसे वाचवायची ही जागा नाही.

टिळकवाडीचा रिपेअरवाला :

शहापूरकर काकांशी सहमत, फक्त एक भर घालतो. काही अडीच इंची एक्स्टर्नल डिस्कमध्ये वेगळं सर्किट नसतंच, यूएसबीचं पोर्ट थेट डिस्कच्या बोर्डावर सोल्डर केलेलं असतं. पोर्ट सैल होऊन तुटलं तर डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला साटानं लावू म्हटलं तरी लावता येत नाही. काहींत तो बोर्ड माहिती कुलूपबंद करूनच लिहितो, तुम्ही पासवर्ड ठेवला नसला तरी. बोर्ड गेला की तबकडी चांगली असूनही वाचता येत नाही. माझ्याकडे अशा डिस्क घेऊन माणसं येतात आणि मला हात वर करावे लागतात. म्हणून दोन बाहेरच्यांपैकी एक तरी अशी करा : अडीच इंची साटाची साधी डिस्क आणि तिला वेगळं विकत घेतलेलं केसिंग, म्हणजे यूएसबीचा रिकामा डबा. केसिंग बिघडलं तर नवं आणा, डिस्क तीच राहते.

डेस्कटॉपसाठी कोणी सीसीटीव्हीची हार्डडिस्क दाखवली तर घ्यायला हरकत नाही, ती गाण्यालाही चालते. पण डीव्हीआरमधून (सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्यातून) काढलेली जुनी डिस्क नवी म्हणून गळ्यात मारतात, ते सांभाळा. घरी नेल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर टाका आणि त्यात पॉवर ऑन अवर्स, म्हणजे डिस्क किती तास चालली ते, बघा. नव्या डिस्कचे तास शून्याच्या आसपास असतात. हजारांत आकडा दिसला तर परत करा. पुढेही महिन्या-दोन महिन्यांनी तेच उघडून बघत जा. त्यात डिस्कची तब्येत दाखवणारा चौकोन निळ्याचा पिवळा झाला की त्याच दिवशी कॉपी काढा.

नंदगडच्या बाई :

काका, दादा, खूप आभार. दिरानं मागे बघितलं, निळं भोक आहे. इंटर्नल २ टीबीची, एक तयार एक्स्टर्नल आणि एक केसिंगवाली असं ठरवलंय. एक बेळगावला वडगावात नणंदेकडे ठेवीन, तिला गाण्याची आवड आहे, ती जपेल.

अजून दोन शंका. कॉपी बरोबर झाली हे कसं कळायचं? आणि देवळातला अँप्लिफायर पेनड्राईव्ह घेतो, त्याला फ्लॅक चालेल का?

शहापूरकर :

टेराकॉपी या सॉफ्टवेअरनं कॉपी करा आणि त्यात व्हेरिफाय चालू ठेवा, दोन्हीकडची फाईल पुन्हा वाचून ते पडताळतं. शिवाय फ्लॅकच्या आत मूळ आवाजाचा एमडी५ आकडा (बोटाच्या ठशासारखी खूण) लिहिलेला असतो, त्यामुळे पुढे कधीही फाईल शाबूत आहे का ते तपासता येतं. बाहेरच्या डिस्क एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा (एनटीएफएस, एक्सफॅट, फॅट३२ या डिस्कवर फाईली मांडायच्या पद्धती, फॉरमॅट करताना निवडायच्या). लिहिताना करंट गेला तर एक्सफॅटपेक्षा ती सावरण्याची शक्यता जास्त.

अँप्लिफायरसाठी वेगळी एमपी३ प्रत काढा. १२८ केबीपीएसला मिनिटाला एक एमबी, म्हणजे तुमच्या सगळ्या कॅसेटी ३२ जीबीच्या एका पेनड्राईव्हवर मावतील. पेनड्राईव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, देवळातले अँप्लिफायर बहुतेक तेवढंच ओळखतात. पोरांनाही हाच द्या, डिस्क कोणाच्या हातात देऊ नका.

आणि कॅसेट टेपमध्ये घालण्याआधी तिच्या वरच्या कडेचे दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं जाणार नाही. फितीच्या कडेला पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट बाजूला ठेवा, तशीच वाजवली तर हेडला लागून पुढच्या कॅसेटींत पसरते. कव्हरवर जे हातानं लिहिलंय त्याचा मोबाइलवर फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये टाका. कोण गातंय, कोणाच्या घरचा जागर, कुठल्या साली, हे सांगणारी माणसं गावात आहेत तोवर विचारून लिहून घ्या.