मदत हवी आहे: रेडिओवरच्या दिशा डोक्यात बसत नाहीयेत

विमानाच्या सिम्युलेटरवर एटीसीची (एअर ट्रॅफिक कंट्रोलशी रेडिओवर बोलायची) प्रॅक्टिस करतोय. हेडिंग (नाकाची दिशा, अंशांत) तीन आकड्यांत, एकेक आकडा सुटा म्हणायचा, म्हणजे ०९० ला झिरो नाईनर झिरो, नाईन म्हटलं तर फाईव्हसारखं ऐकू येतं म्हणून नाईनर, आणि वर सगळं रीडबॅक करायचं, म्हणजे ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं, हे जमलं. उत्तरेला ००० नाही तर ३६० म्हणतात हेही कळलं (सुरुवातीला जाम गोंधळ झालेला).

अडतंय ते ट्रॅफिकला, म्हणजे आजूबाजूची विमानं शोधायला. कंट्रोलर घड्याळाच्या काट्यांवरून दिशा सांगतो (समोर म्हणजे बारा), म्हणतो टू ओ'क्लॉक, फाईव्ह माईल्स, मी उजवीकडे बघतो तर काहीच नाही! त्याला रडारवर आपला ट्रॅक (जमिनीवरून प्रत्यक्ष जाण्याची दिशा) दिसतो, नाक कुठे वळलंय ते नाही, मग क्रॉसविंड (बाजूचा वारा) असला की घड्याळ मनातल्या मनात किती सरकवायचं? तुम्ही पटकन अंदाज कसा बांधता?