एएनएम फायनलची प्रॅक्टिकल: हात चालतो, व्हायव्हात तोंड उघडत नाही

घाटंजीकडची

नमस्कार. एएनएमच्या (सहाय्यक परिचारिका-प्रसाविका) दुसऱ्या वर्षाला आहे. प्रॅक्टिकल पुढच्या महिन्यात. थिअरीचं मी पाहून घेईन, भीती मिडवायफरीच्या (बाळंतपणाच्या) प्रॅक्टिकलची. मागच्या वेळी त्यातच अडकली.

झालं असं की आठव्या महिन्यातली बाई होती, पोटाची तपासणी करायला दिली. बाईला लघवीला जाऊन यायला सांगितलं, पडदा ओढला, हात धुतले. फंडल, लॅटरल, पेल्विक ग्रिप (पोट वरून, बाजूंनी, खालून चाचपणं) सगळं बरोबर केलं. बाळाचे ठोके मिनिटभर मोजले, 142 भरले. एक्स्टर्नल (बाहेरून आलेल्या परीक्षक) मॅडम गुपचूप पाहत होत्या. मग व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, विचारलं, "लघवीला का पाठवलं?" अन् माझी दातखीळ बसली. लघवीची पिशवी भरली असली की फंडसची (गर्भपिशवीच्या वरच्या टोकाची) उंची चुकते, हे मला माहीत होतं हो! पण तोंडातून निघालं, "तसंच करतेत मॅडम." पुढे ऑक्सिटोसिनच्या (गर्भपिशवी आवळणाऱ्या इंजेक्शनच्या) प्रश्नाला तर रडूच आलं.

क्लास लावायचा तर यवतमाळला जावं लागते, रोजचं भाडं परवडत नाही. आईबाबा मजुरीला जातात. पुस्तक इंग्रजीत, मी बोलते वऱ्हाडीत. घरीच सराव करायचा तर कसा करू?

मेळघाटची सिस्टर

पोरी, पहिले रडणं बंद कर. धारणीकडं उपकेंद्रावर 14 वर्षं काढली मी. पहिल्या परीक्षेत माझंही असंच झालं होतं.

तुला येते सगळं, पण तू मुक्यानं काम करून राहिली. आईला खाटेवर निजव. पोटावर गोधडी गुंडाळून लुगड्यानं बांध. आता हातानं करत जा अन् तोंडानं सांगत जा. आईला काम एकच, दर वेळी "काऊन?" विचारायचं. माझ्या सासूनं विचारलं होतं, "हात काऊन चोळून रायली वो?" थंड हात लागला की पोट आकसते, मग बाळाची पाठ कुठं अन् हातपाय कुठं ते कळत नाही. ते उत्तर मला आजपर्यंत पाठ करावं लागलं नाही.

ऑक्सिटोसिनचं सांगते, तिथं अर्ध्या पोरी पडतात. बाळ बाहेर आल्यावर 1 मिनिटात 10 युनिट, स्नायूत. एवढं सगळ्याच सांगतात. मॅडमला ऐकायचं असते त्याच्या आधीचं: पोटावर हात ठेवून आत दुसरं बाळ नाही ना, हे पाहिलं का? जुळं असलं अन् इंजेक्शननं गर्भपिशवी आवळली तर आतल्या बाळाचा जीव धोक्यात. मग नाळ ओढायची ती पिशवी आवळल्यावरच, अन् दुसरा हात ओटीपोटावर, पिशवीला वर आधार देऊन. काऊन? नाहीतर पिशवी उलटी होऊन बाहेर येते. वार पडली की ती पूर्ण आहे का पाह्य अन् पोट चाचप. पिशवी कपाळासारखी टणक लागली पाहिजे. गालासारखी मऊ लागली तर मालिश कर, अन् रक्त किती जाते तिकडं डोळा ठेव.

पार्टोग्राफ (बाळंतपण कसं पुढं सरकते त्याचा आलेख) जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर काढ, रोज एक. पिशवीचं तोंड 4 सेंटीमीटर उघडलं की सुरू. अलर्ट रेषा तासाला 1 सेंटीमीटरनं चढते, अ‍ॅक्शन रेषा तिच्या उजवीकडं 4 तासांवर. ठोके अन् कळा अर्ध्या अर्ध्या तासानं, आतली तपासणी 4 तासांनी. नव्या लेबर केअर गाईड तक्त्यात सक्रिय कळा 5 सेंटीमीटरपासून धरतात. कोणी विचारलं तर दोन्ही सांग, पण कागद समोर असेल तोच भर.

अलर्ट ओलांडली तर काय करशील? "वाट पाहीन" म्हणू नको. उपकेंद्रावर आहेस तर 108 ला फोन अन् रेफर. एकदा पावसाळ्यात रात्री दोनला माझ्या बाईची अलर्ट ओलांडली. गाडी नाल्याच्या पल्याड उभी, बाईला खाटेवर घालून अलीकडून तिकडं नेलं. अलर्ट अन् अ‍ॅक्शनच्या मधल्या 4 तासांतले अडीच आमच्या रस्त्यानंच खाल्ले. हे मी व्हायव्हात सांगितलं असतं तर एक्स्टर्नलनं दुसरा प्रश्न विचारला नसता, पण तेव्हा मी शिकाऊ होती.

पुसदचा ब्रदर

ताईंचं पटलं, फक्त एक. बोलत बोलत काम करणं चांगलं, पण काही पोरी मग थांबतच नाहीत आणि बोलण्याच्या भरात ग्लोव्ह घातलेल्या हातानं चष्मा सारतात. निर्जंतुक ट्रे उघडला की तोंड बंद ठेव. ते झाल्यावर सांग.

भाषेचं टेन्शन घेऊ नको. वस्तूचं आणि औषधाचं नाव इंग्रजीत, कारण मराठीत. आमच्याकडे बहुतेक परीक्षकांना ते चालतं.

लसीकरणाचं टेबल लागलं तर बीसीजी (क्षयाची लस) बघून जा: बाळ 1 महिन्याचं होईपर्यंत 0.05 मिली, पुढे 0.1, डावा दंड, कातडीच्या आत. उघडलेली बीसीजी आणि एमआर (गोवर-रुबेलाची) 4 तासांच्या वर वापरायची नाही, पेंटा (पाच रोगांवरची एकत्र लस) 28 दिवस चालते. कुपीवर तारीख-वेळ लिहायला विसरलीस तर बाकीचं बरोबर असून उपयोग नाही. आणि व्हीव्हीएमचा (कुपीवरची उष्णता दाखवणारी खूण) आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका हवा.

वरोऱ्याहून

आपल्या भागात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) विचारतातच. सोल्युबिलिटी (पहिली चाळणी तपासणी) पॉझिटिव्ह म्हणजे आजार, असं चुकूनही म्हणू नको. वाहक की रुग्ण ते इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पुढच्या रक्ततपासणीनं कळतं. मी तेच चुकले होते.

केसबुकवर (केलेल्या केसेसच्या वहीवर) सह्या आताच घेऊन ठेव, शेवटच्या आठवड्यात मॅडम सापडत नाहीत. पास झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते, तर दहावीपासूनच्या कागदांवरचं नाव एकसारखं आहे का पाहून घे. माझ्या वडिलांच्या नावात एक वेलांटी ऱ्हस्व होती, दोन महिने गेले.

घाटंजीकडची

सगळ्यांचे आभार. काल रात्री आईला गोधडी बांधली. फंडसपर्यंत बरी होती, पेल्विक ग्रिपला तिला हसू आवरेना. मग बाबाच "काऊन?" विचारायला बसले. ठोके कानानं ऐकताना बाळाची पाठ काऊन शोधतेस, ते मला सांगता आलं. पण त्यांनी पुढं विचारलं, "अन् पोरगं आडवं असलं तर?" तिथं अडकली. सिस्टर, आडव्या बाळात ठोके नेमके कुठं शोधायचे?

मेळघाटची सिस्टर

बेंबीच्या आसपास, डोकं ज्या कुशीला असेल तिकडं. अन् उपकेंद्रावर आडवं सापडलं तर थांबायचं नाही, रेफर. बाबाला सांग, प्रश्न बरोबर विचारला.