मसाई मारा, कृष्णधवल: धावणारी सिंहीण गवतात हरवते, काय करावं?

खडकवासला:
नमस्कार मंडळी. सप्टेंबरात केनियातलं मसाई मारा अभयारण्य ठरलंय. सोबत मेव्हणे आहेत. त्यांना बिग फाइव्हच्या (सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानम्हैस) यादीवर खुणा करायच्या आहेत, मला मात्र पळापळ, झटापट, नदी ओलांडणारे कळप हे सगळं कृष्णधवलमध्ये हवंय. ताडोबातले माझे वाघ कृष्णधवल केले की झकास उतरतात. म्हणून सरावासाठी मित्राकडून त्याच्या माराच्या रॉ फाइल्स (कॅमेऱ्यातल्या कच्च्या, प्रक्रिया न झालेल्या) मागून घेतल्या. एका फ्रेममध्ये सिंहीण वॉर्टहॉगच्या (रानडुकराच्या) मागे सुटलीय, रंगीत फोटो एक नंबर. रंग काढला आणि सगळं पिठलं! सिंहीण कुठं संपते नि गवत कुठं सुरू होतं, पत्ता लागत नाही. कॉन्ट्रास्ट वाढवला तर सावल्या काळ्याठिक्कर. हे लाइटरूममध्ये (फोटो संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये) सुटणारं आहे, की फोटो काढतानाच काही वेगळं करायला हवं? कॅमेरा क्रॉप सेन्सरचा मिररलेस, लेन्स १००-४००.

चष्मिष:
लाइटरूममधले डीहेझ आणि क्लॅरिटी हे स्लायडर थोडे वाढवून बघा. नाहीच जमलं तर रंगीत ठेवा की! माझं मत विचाराल तर वन्यजीवांचे फोटो कृष्णधवल करणं ही निम्म्या वेळा पळवाट असते. फसलेला फोटो राखाडी केला की कलात्मक होतो.

नैरोबीकर:
खडकवासला, लाइटरूममध्ये सुटणार नाही. कारण तुमच्या ताडोबाच्या फोटोंमध्येच सापडेल. वाघ केशरी, मागचं रान हिरवं. रंग काढताना केशरी स्लायडर वर नेला, हिरवा खाली आणला की वाघ उजळतो आणि झाडी काळवंडते. दोन रंग वेगळे आहेत म्हणून हे जमतं. सप्टेंबरातलं माराचं वाळकं गवत आणि सिंहीण मात्र एकाच पिवळ्यातली, आणि सूर्य पाठीशी असला की उजेडही दोघांवर सारखाच. पिवळा वर नेला तर दोघं उजळणार, खाली आणला तर दोघं काळवंडणार.

मी नोकरीनिमित्त नैरोबीत असतो, जोडून सुट्टी आली की माराचा रस्ता धरतो. तिथं गेल्यावर कॅमेरा मोनोक्रोमवर आणि फाइल रॉ. व्ह्यूफाइंडरमध्ये कृष्णधवल दिसतं, रॉमध्ये रंग शाबूत राहतात. सिंहीण हरवत असेल तर तिथल्या तिथं दिसतं आणि ड्रायव्हरला गाडी फिरवायला सांगता येतं.

फिरवायची कुठं, तर सूर्य समोर येईल अशी. ड्रायव्हर सवयीने उलटं करतो, कारण बहुतेकांना तेच हवं असतं. त्याला सकाळी निघतानाच सांगून ठेवा, ऐन वेळी समजावत बसू नका. समोरून ऊन आलं की वाळक्या पात्यांतून उजेड आरपार येतो, गवत पेटल्यासारखं दिसतं. सिंहिणीतून काही आरपार येत नाही, ती गडद राहते आणि पाठीवर, कानांच्या कडांवर, मिशांवर पांढरी रेघ उमटते. एक ते दीड स्टॉप कमी एक्स्पोजर ठेवा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), नाहीतर गवत जळून जाईल. वेळ फार नसतो. मारा विषुववृत्ताच्या अगदी जवळ, सूर्य जवळजवळ सरळ वर चढतो. साडेसहाच्या सुमारास उगवतो आणि तासाभरात कोवळं ऊन संपलेलं असतं.

चित्त्याचं वेगळं गणित. पाठलागात तुमचं लक्ष चित्त्यावर असेल, पण कृष्णधवलमध्ये फ्रेम तोलून धरते ती थॉम्सन्स गॅझेल, चित्ता जिच्या मागे लागतो ते लहानसं कुरंग. तिच्या कुशीवर काळा पट्टा, खाली पांढरं पोट, त्यामुळे कितीही मळकट उजेडात ती उठून दिसते. चित्त्याचे ठिपके गवतात मिसळतात, शेपटाची काळी वलयं तेवढी कळतात. गॅझेल वळण घेते तेव्हा तोल सावरायला चित्त्याचं शेपूट उलट बाजूला फेकलं जातं. तो क्षण धरा, दोघंही स्पष्ट ओळखू येतात. शटर १/२००० सेकंदापेक्षा संथ नको. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२००, ६४०० झाला तर होऊ द्या. रंग काढला की रंगीत नॉइज (ठिपके) जातो आणि उरतो तो ग्रेन (दाणेदारपणा) चालून जातो.

छायाचित्रकार निक ब्रांटचे केनियातल्या अंबोसेलीतले हत्ती बघून बरेच जण कृष्णधवलच्या नादी लागतात. फोटो अप्रतिमच आहेत, पण तो माणूस पेंटॅक्स ६७ फिल्म कॅमेरा घेऊन, टेलीफोटोशिवाय, जनावराजवळ थांबून राहायचा. ती व्यक्तिचित्रं झाली. पळापळीला ती रीत लागू नाही.

आणि चष्मिष, तुमच्या पळवाटेबद्दल. मारा नदीवरचं क्रॉसिंग, म्हणजे कळपांचं नदी ओलांडणं, बऱ्याचदा भर उन्हात होतं. तुम्ही पहाटे पाचला उठलात याच्याशी त्या कळपांतल्या विल्डबीस्ट कुरंगांना देणंघेणं नसतं. त्या उन्हात रंगीत फोटोत काठ तपकिरी, पाणी तपकिरी, जनावरंही तपकिरी. कृष्णधवलमध्ये तेच ऊन उपयोगी पडतं: भिजलेली अंगं कुळकुळीत काळी, उसळलेलं पाणी पांढरंशुभ्र, वर काठावर धुळीचा राखाडी पडदा. फोटो काढायच्या आधीच हे डोक्यात असेल तर त्याला पळवाट कशी म्हणणार?

निशिगंधा:
नैरोबीकरांना +१, पण सगळंच १/२००० वर गोठवू नका हो. कळप धावत असला की १/३० वर पॅनिंग करून, म्हणजे कॅमेरा जनावराबरोबर फिरवत, बघा. झेब्रे सगळ्यात छान, पट्टे ताणले जाऊन नुसते ओघळ होतात आणि डोकं तेवढं स्पष्ट राहतं. मात्र ढगाळ असेल किंवा सकाळची वेळ असेल तेव्हाच. दुपारी आयएसओ १०० आणि एफ/२२ ठेवूनही शटर तेवढं खाली येत नाही, एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काच) लागतो. शंभरातले नव्वद टाकून द्यायची तयारी ठेवा. इंजिन बंद हवं आणि गाडीत कुणी हलता कामा नये. मेव्हण्यांना तेवढा वेळ चिवडा द्या.

खडकवासला:
मेव्हणे हे वाचतायत, चिवड्याला हरकत नाही म्हणाले. समोरून उजेडाचं आजच पर्वतीवरच्या भटक्या कुत्र्यांवर करून बघतो. नैरोबीकर, गाडी हवी तशी फिरवता येते का पण? ताडोबात तर रस्ता सोडायचा नसतो.

नैरोबीकर:
मुख्य अभयारण्यातही नाहीच सोडायचा. म्हणून दोन मुक्काम तरी शेजारच्या कॉन्झर्व्हन्सीत करा: मारा नॉर्थ, नाबोइशो, ओलारे मोटोरोगी. या मसाई लोकांच्या जमिनी, कँपवाले भाड्याने घेतात. तिथं रस्ता सोडून जाता येतं आणि गाड्याही मोजक्याच, त्यामुळे सूर्याच्या हिशेबाने गाडी लावता येते. महाग पडतं खरं. पण नदी अभयारण्यात आहे, क्रॉसिंगसाठी तिथं जावंच लागेल आणि परदेशी माणसाला जुलै ते डिसेंबर दिवसाचे २०० डॉलर मोजावे लागतात. मेव्हण्यांना हे आधीच सांगा.

धुळीसाठी कॅमेऱ्याला प्लास्टिकची कॅरीबॅग गुंडाळायची सवय असेल तर ती पुण्यात ठेवून या. केनियात २०१७ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे. उशीचा जुना अभ्रा चांगला, लेन्ससकट आत जातो. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने जाणार असाल तर सामान साधारण १५ किलो, तेही मऊ बॅगेत. बीनबॅग (लेन्स टेकवायची पिशवी) रिकामी आणा, भरायला कँपवर तांदूळ किंवा राजमा मागा.