मदत हवी आहे : बाबांचं तोंड पुरतं उघडत नाही

नमस्कार मंडळी. आम्ही गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडचे. बाबांनी २० वर्षं खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाल्ला. आता तोंडात जेमतेम दोन बोटं मावतात, तिखट लागलं की आग होते, आणि गालाच्या आतला पांढरा चट्टा महिना झाला तरी जात नाही. इथले डॉक्टर म्हणाले, मुखरोगतज्ज्ञांना दाखवा. शासकीय दंत महाविद्यालय नागपूरला. जायला अख्खा दिवस, त्यात पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच बंद. चट्ट्याचा तुकडा काढून तपासायला (बायोप्सी) जावं लागलं तर नेऊच. पण तोवर ई-संजीवनीवर (सरकारची ऑनलाइन डॉक्टरी सल्ल्याची सेवा) दातांचे तज्ज्ञ भेटतात का? कुणी वापरलंय? तोंड इतकं कमी उघडत असताना मोबाइलवर आतले फोटो कसे काढायचे, टॉर्च कुठून धरायचा? कृपया लवकर सांगा, फार काळजी वाटतेय.